पटावरचं विसावं नाव

लग्न होऊन डहाणूजवळच्या मसोलीच्या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अदितीला कळून चुकलं की इथे सासूला नाही घाबरलं तरी चालतं, सासूच्या नियमाला मात्र घाबरून राहावं लागतं. सासू तशी अगदी गरीब गाय. आमटीत मीठ जास्त झालं तर वर तांब्याभर पाणी पिईल, पण शब्द काढणार नाही. नियम तसा नव्हता. नियम घरात कुणालाच सोडत नव्हता.

नियम असा: कुठल्याही गोष्टीला दोन उत्तरं दिसली, की त्यातलं आपल्या सोयीचं जे असेल ते आधी तपासायचं. आणि एकदा तपासून भागत नाही, दोनदा तपासायचं. वसुमतीबाईंनी तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवर एकोणचाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण हा नियम काही निवृत्त झाला नाही.

ऐकायला बरं वाटतं हो. जगून बघा म्हणजे कळेल. डहाणूच्या एका दवाखान्यात कंपाउंडर निघाला त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने बिचाऱ्याने प्रेमाने हाक मारली, "बाई, तुम्ही या आत." दुसरं कुणी असतं तर देवाचे आभार मानून आत शिरलं असतं. बाई जागच्या जागी थांबल्या. नंबर नसताना आत जाणं मला सोयीचं आहे, म्हणजे बघायला हवं. बघितलं तर मागे एक आई तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेली. झालं. तिला आत पाठवलं, तिच्या मागच्या म्हाताऱ्याला पाठवलं, आणि सोबत आलेली अदिती दोन तास भिंतीवरचा मधुमेहाचा तक्ता वाचत बसली. तो तिला अजून तोंडपाठ आहे.

मुलगा गौरव डहाणू रोड स्टेशनात तिकीट खिडकीवर. सोसायटीच्या मीटिंगचा कंटाळा आला की हा फोनवर सांगणार, "ड्युटी आहे हो माझी." लगेच स्वयंपाकघरातून आवाज येणार, "किती वाजताची रे?" मग गौरव मुकाट्याने चपला घालून मीटिंगला. "आई, सगळ्या जगाचा मक्ता तूच घेतलायस का?" असं तो वैतागून म्हणायचा. "जगाचा नाही, माझ्यापुरता," बाई म्हणायच्या. त्यांच्यापुरत्यामध्ये सगळं घर येत होतं, तो भाग वेगळा. हा नियम तुम्हाला शिकवला कुणी, असं अदितीने एकदा विचारलं तेव्हा त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं, "चुकीनं." पुढे विचारायची सोय राहिली नाही, कारण बाई उठल्या आणि निवडलेलेच तांदूळ परत निवडायला बसल्या.

तर अशा या बाईंच्या दारात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हाल्या येऊन उभा राहिला.

हाल्या म्हणजे बाईंच्या अगदी पहिल्या शाळेतला, बोरीपाड्याचा पोरगा. आता तलासरीकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात परिचर. परिचर आपला कागदावर. आजूबाजूच्या पाड्यांवर गाय अडली की लोक डॉक्टरच्या आधी हाल्याला शोधत यायचे. मारकी म्हैसही त्याच्यापुढे शहाण्यासारखी उभी राहायची. वर्षातून एकदा तो मसोलीला येऊन बाईंना भेटून जायचा, आणि हात हलवत कधी आला नाही. या वेळी पिशवीत ताडगोळे होते.

"बाई, एकतीस तारखेला मी रिटायर होतोय. दवाखान्याच्या अंगणात दुपारी कार्यक्रम आहे. अध्यक्ष तुम्ही."

"अरे, मी कशाला? तुमचे डॉक्टर आहेत, पंचायतीचे लोक असतील."

"ते येतील, बसतील, भजी खातील. अध्यक्ष तुम्हीच. तुम्ही पटावर नाव घातलं नसतं तर मी आज अच्छाडच्या नाक्यावर ट्रक धूत बसलो असतो."

अदितीने सरबत आणलं आणि सहज म्हणाली, "काका, तुम्ही साठचे वाटत नाही हो."

हाल्या हसला. "कागदावर साठ, वहिनी. अंगात अजून दम आहे. डॉक्टर नवीन आलेत, पोरसवदा आहेत. परवा म्हणाले, हालूदादा, अजून दोन वर्षं असता तर मला आधार झाला असता. मी म्हटलं, कागदापुढे कुणाचं चालतं? आमच्याकडे सगळेच एक जूनचे. एकतीस मे आली की एकदम पाच-सहा जण घरी."

हे सरकारी घरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जन्माची नोंद नसली की शाळेत मास्तर सरळ एक जून टाकून मोकळे व्हायचे, आणि एक तारखेचा जन्म असला की माणूस आदल्या दिवशी, म्हणजे एकतीस मेला निवृत्त होतो. अदिती हसली, गौरव हसला. बाई हसल्या नाहीत. त्या ताडगोळा सोलत होत्या, तो तसाच हातात राहिला आणि त्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

गोष्ट चोपन्न वर्षांपूर्वीची.

तेव्हा वसुमती वीस वर्षांची, नोकरी नवी आणि लग्नही नवं. नवरा, मोहन, डहाणू रोडला रेल्वेत. बोरीपाड्याची शाळा म्हणजे कुडाची एक खोली, पण तिथून शनिवारी निघालं तर रात्रीच्या जेवणाला घरी पोचता यायचं, आणि त्या एका जेवणावर ती आठवडा काढायची. त्या जूनमध्ये शाळा तपासणीचे साहेब आले आणि सांगून गेले, की पटावर वीस मुलं नसतील तर शाळा बंद आणि तुमची बदली मोखाड्याकडे. त्या काळी मोखाड्याहून डहाणूला यायचं म्हणजे सबंध दिवस मोडायचा. वसुमती घरोघर फिरली, गोठ्यात शिरली, बांधावर उभी राहून लोकांच्या विनवण्या केल्या. एकोणीस मुलं झाली. विसावं काही मिळेना.

मग एका सकाळी सुकी आली. बोटाला हाल्या. "सहाचा आहे," ती म्हणाली.

जन्माचा दाखला पाड्यावर कुणाकडेच नसायचा, म्हणून मास्तर लोकांची आपली एक रीत होती. पोराने उजवा हात डोक्यावरून घालून डावा कान धरायचा. धरता आला तर सहा वर्षं पूर्ण, नाही आला तर पुढच्या वर्षी ये. एवढ्यावर शंका राहिली तर दात बघायचे, पुढचे दुधाचे दात हलायला लागलेत का ते.

हाल्याने हात डोक्यावरून घातला. बोटं कानाच्या आसपासही पोचत नव्हती. तेव्हा त्याने मान अशी काही तिरकी टाकली की कानच हातापाशी आला, आणि त्याने तो घट्ट धरला. वसुमतीला ते दिसलं. दिसलं नाही असं अजिबात नाही. मान सरळ कर रे, एवढंच म्हणायचं होतं. आ कर म्हणून दात बघायचे होते. पोर जेमतेम चारचं होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. पण पटावर एकोणीस नावं होती आणि मोखाडा लांब होता. तिने टाक बुडवला आणि लिहिलं, एक जून एकोणीसशे पासष्ट. साहेबांनी पट मोजला, सही केली. शाळा राहिली, बदली टळली.

त्या शनिवारी ती घरी गेली आणि तिला घास गिळेना. मोहनला वाटलं, दिवस गेले असतील. तो बिचारा चिंचा घेऊन आला. तिने चिंचा खाल्ल्या, कारण सांगितलं नाही. पण तेव्हापासून कुठलंही सोयीचं उत्तर समोर आलं की तिला ती तिरकी मान दिसायची आणि ती थांबायची. नियम तिथून आला. पुढे हाल्या शिकला, नोकरीला लागला, वर्षाच्या वर्षाला भेटायला यायला लागला. या वेळी सांगून टाकू, असं बाई दर वर्षी ठरवायच्या आणि दर वर्षी चहा टाकायला उठायच्या.

आता उठायला जागा नव्हती. रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुलासुनेला सगळं सांगितलं.

गौरव घरातला रेल्वेवाला, नियम-कलमं त्याच्या जिभेवर. "आई, जन्मतारीख बदलायची तर नोकरी लागल्यावर पहिल्या पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. आता शेवटच्या आठवड्यात ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही. मग सांगून साधणार काय? त्या माणसाच्या आयुष्यातला मोठा दिवस, त्यावर तू विरजण घालणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस."

"गप्प बसणं मला सोयीचं आहे," बाई म्हणाल्या. "हार, शाल, अध्यक्षाची खुर्ची, सगळं मिळतं."

"मग सांग."

"तेही सोयीचंच आहे रे. चोपन्न वर्षांचा दगड माझ्या छातीवरून उतरेल आणि त्याच्या छातीवर जाऊन बसेल. तेही त्याच दिवशी."

चोपन्न वर्षांत पहिल्यांदा नियम अडला. कोणीकडून बघितलं तरी सोय बाईंचीच. दोन दिवस त्या घरात नुसत्या फिरत होत्या. पोळ्या करपल्या. दूध उतू गेलं. शेजारच्या हर्षदाने आमरसाला बोलावलं तर त्या गेल्या, आणि वाटी समोर ठेवून बसून राहिल्या. शेवटी अदितीचा धीर सुटला. ती सासूच्या हातातलं उलथनं काढून घेत म्हणाली, "आई, तुम्ही एवढा वेळ तुमची सोय आणि तुमची गैरसोय हेच बघताय. वय कुणाचं आहे?"

"हाल्याचं."

"मग त्यांची वस्तू त्यांना देऊन टाका. ते रागावतील, हसतील, बोलायचे थांबतील, त्यांचं ते बघतील. फक्त खुर्चीत बसायच्या आधी सांगा. म्हणजे अध्यक्ष बदलायचा तर त्यांना बदलता येईल."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "हे तुला कुणी शिकवलं?"

"मधुमेहाच्या तक्त्याने," अदिती म्हणाली, आणि बाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

एकतीस तारखेला सकाळी दोघी रिक्षा ठरवून निघाल्या. गौरवला त्या दिवशी खरोखरच ड्युटी होती. चिखले गेलं, घोलवड गेलं, वाड्यांमधल्या चिकूंचा वास मागे पडला आणि तलासरीकडचं उघडं माळरान सुरू झालं. ऊन नुसतं रणरणत होतं. हाल्याने तोंड फिरवलं तर काय, एवढंच बाईंच्या मनात होतं. शिकवलेल्या शेकडो पोरांतला हा एकच दर वर्षी न चुकता आला होता. तो यायचा थांबला, तर एकोणचाळीस वर्षांतलं हातात काय राहिलं?

हाल्याच्या घरापाशी पोचल्यावर अदिती म्हणाली, "मी इथे आंब्याखाली बसते. हे तुमचं तुम्ही बोला."

हाल्या घरी नव्हता. नोकरीच्या शेवटच्या दिवशीही पहाटे कुणीतरी हाक मारली होती, पलीकडच्या पाड्यावर गाय अडली म्हणून. ओट्यावर त्याची आई सुकी एकटीच बसली होती. नवं लुगडं नेसलेली, केसांना तेल लावलेलं, वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढे-मागे, पण पाठ ताठ. सुकी सगळ्यांनाच अरेतुरे करते. तिच्या बोलण्यात अहो-जाहो मुळातच नाही. कलेक्टर आला तरी 'तू बस' म्हणेल.

बाईंना बघून तिचा चेहरा उतरला. "कार्यक्रम दुपारचा आहे. तू सकाळीच का आलीस?"

"हाल्याशी बोलायचं होतं."

"काय बोलायचंय?"

"त्याला येऊ दे. तुझ्यासमोरच बोलते."

सुकीने पाणी दिलं आणि लांब जाऊन बसली. एरवी बाई आल्या की त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसणारी ही, आज मात्र खांबाच्या पलीकडे तोंड फिरवून बसली. नातीने, शितलने, चहा आणला, तो दोघींनीही घेतला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे दोघींच्याही मनात होतं, आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

अर्ध्या तासाने हाल्याची मोटारसायकल वाजली. शर्टाच्या बाह्या कोपरावर, अंगावर चिखल, आणि चेहरा उजळलेला. "कालवड झाली, बाई. गाय पण उभी राहिली." त्याने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. बाई उभ्या राहिल्या. पाढा म्हणावा तसं एका दमात बोलल्या, मध्ये थांबलं तर पुढचं आठवणार नाही अशा भीतीने.

"हाल्या, शाळेत आलास तेव्हा तू सहाचा नव्हतास. चारचा होतास. तुझी मान तिरकी होती, मला दिसत होतं. माझी बदली होऊ नये म्हणून मी सहा लिहिले. तुझ्या नोकरीची दोन वर्षं त्यात गेली. आता ती परत देता येत नाहीत. तुला कळायला हवं म्हणून सांगितलं. मला अध्यक्ष करू नकोसं वाटलं तर करू नकोस, मी मागच्या रांगेत बसेन. तेही नको असेल तर घरी जाईन."

हाल्या हात पुसत होता. कोरडे झाले तरी पुसत राहिला. मोटारसायकलला दवाखान्याची पिशवी अडकवलेली होती, संध्याकाळी जमा करायची. तो त्या पिशवीकडे बघत म्हणाला, "दोन वर्षं." मग, "दोन पावसाळे मिळाले असते."

त्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी खाली मान घातली.

"तिला काही बोलू नको," खांबापलीकडून सुकी म्हणाली. "ते मी केलं."

दोघांनी वळून बघितलं. सुकी उठून पुढे आली होती.

"मान टाकायला त्याला मी शिकवलं. आठ दिवस. रोज खळ्यात उभा करायची आणि म्हणायची, टाक मान, धर कान. कान धरला की गुळाचा खडा. बाई, आज तू सकाळीच आलीस ना, मला वाटलं, आता हिला कळलं, आता ही चारचौघांत सांगणार."

"पण का, सुकी?" बाईंनी विचारलं. "दोन वर्षांनी आणला असतास तरी मी घेतलाच असता."

सुकी बाईंशी नाही, हाल्याशी बोलली. "तुझ्याआधी मला एक पोरगी होती."

हाल्याला ते अंधूक ठाऊक होतं. थोरली होती, गेली, एवढंच. तेव्हा पाड्यावर घरटी एखादं पोर गेलेलं असायचं आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे.

"शुक्री. पाच वर्षांची. मी आणि तुझा बाप गवत कापायला जायचो. तुला पाठीला बांधून न्यायची आणि तिला घरी ठेवायची. ती पाण्याला गेली ओहोळावर. संध्याकाळी आलो तर कळशी काठावर होती." सुकीने पदराने तोंड पुसलं, डोळे पुसले नाहीत. "मग तू मोठा झालास, पाठीवर राहिनास. मुकादम म्हणाला, पोर घेऊन कामाला यायचं नाही. कामाला नाही गेलं तर खायचं काय? घरी एकटा ठेवायचा तर तो ओहोळ तिथेच. तेवढ्यात ही बाई दारोदार फिरायला लागली, पोरं द्या म्हणून. मी तिची शाळा बघून आले. दिवसभर एका खोलीत पोरं घेऊन बसते आणि एकालाही बाहेर सोडत नाही. मी म्हटलं, हिच्याजवळ ठेवायचा. शिकला तर शिकला."

मग सुकी बाईंकडे वळली.

"आणि हा वर्गात झोपायचा ना?"

"झोपायचा," बाई म्हणाल्या. दुपार झाली की तो टेबलाजवळ गोणपाटावर कलंडायचा. बाई स्वतःची पिशवी त्याच्या डोक्याखाली सारायच्या आणि बाकीच्या एकोणीस जणांना सांगायच्या, पाढे हळू म्हणा रे. दोन वर्षं बोरीपाड्याच्या शाळेत दुपारचे पाढे हळू आवाजातच झाले. साहेब आले तेव्हाही. हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

"मी एकदा दुपारी काम टाकून पळत आले होते," सुकी म्हणाली. "जीव राहिना. वाटलं, गेला असेल ओहोळावर. कुडाच्या फटीतून आत बघितलं. हा निजलेला. तुझा एक हात त्याच्या पाठीवर, आणि दुसऱ्या हाताने तू पाटीवर लिहीत होतीस. मी तुला दिसू दिलं नाही. तशीच परत गेले. त्या दिवसापासून गवत कापताना मी मागे वळून बघितलं नाही." ती जवळ आली आणि बाईंचा दंड धरला. "तुला ठाऊक होतं ना, पोर चारचं आहे? म्हणूनच उठवलं नाहीस ना त्याला?"

वसुमतीबाई रडल्या. डोळ्याला पदर लावून हळूच नाही, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. आपण ठाऊक असून काय लिहिलं ते त्यांनी चोपन्न वर्षं लक्षात ठेवलं होतं. आपण ठाऊक असूनच त्या पोराला दोन वर्षं झोपू दिलं, हे कधी मनातही आलं नव्हतं. ते लक्षात ठेवलं होतं दुसऱ्याच कुणीतरी, कुडाच्या पलीकडून. ज्यांची क्षमा मागायला आलो ते आपले उपकार मानून बसलेत. आणि उपकार तर यांचे. या एका पोराच्या नावावर शाळा टिकली, घर टिकलं, मोहनबरोबरची ती शनिवारची जेवणं टिकली. त्यांना हे सगळं बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "सुकी, तू आणला नसतास तर मी कुठे असते गं."

हाल्या ओट्याच्या पायरीवर बसला होता. बराच वेळ तो आईच्या पायांकडे बघत होता. मग म्हणाला, "मला त्यातलं काहीच आठवत नाही. मी आपलं गुळासाठी केलं असणार."

सुकी फिस्सकन हसली, मग बाई हसल्या, आणि आंब्याखाली बसलेल्या अदितीने मान वर करून बघितलं.

"तारखेचं आपल्यातच राहू दे," हाल्या उठत म्हणाला. "दोन पावसाळे गेले तर गेले. आई, यांना जेवायला वाढ. अध्यक्ष उपाशी कसा चालेल?"

"म्हणजे मी येऊ ना?"

"बाई, तुम्ही नाही आलात तर मी पण जात नाही. रिटायर होतच नाही मग. बसा म्हणावं साहेबांना."

भाकरी झाली, सुकटीची चटणी झाली. बाई सुकट खात नाहीत, त्यांना अळूची भाजी होती. निघताना बाईंनी सुकीला बाजूला घेतलं. "शुक्रीचं नाव मी दुपारी घेतलं तर चालेल? माइकवर?"

सुकीने हातातली ताटं खाली ठेवली. "तिचं नाव कुणी कुठे लिहिलं नाही," ती म्हणाली. "घे."

दुपारी दवाखान्याच्या अंगणात मांडव होता. गुरं बांधायच्या खुंट्या बाजूला काढून खुर्च्या मांडल्या होत्या. डॉक्टर पोरसवदाच होते. ते बोलता बोलता अडखळले आणि हालूदादांचा फोन नंबर मी सकाळीच पाठ केलाय, असं म्हणून खाली बसले. हार झाले, शाल झाली. मग अध्यक्षांचं नाव पुकारलं. वसुमतीबाई उठल्या. समोर निम्म्याहून जास्त माणसं बोरीपाड्याची होती, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत. पुढच्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून सुकी बसली होती.

"सुकीला दोन मुलं झाली," बाई म्हणाल्या. "थोरली शुक्री, धाकटा हाल्या. शुक्री पाच वर्षांची होऊन गेली, ती शाळेत आली नाही. पण ती गेली म्हणून तिच्या आईने हाल्याला शाळेत आणून बसवलं. तो विसावा होता. विसावा आला म्हणून शाळा राहिली, आणि शाळा राहिली म्हणून इथे बसलेल्या तुमच्यातल्या कितीतरी जणांना मी शिकवू शकले. मी आभार मानायला उभी आहे. आधी शुक्रीचे, मग सुकीचे, मग हाल्याचे."

सुकीने हात वर केला, वर्गात करतात तसा नाही, नुसता उचलला.

"बाई," ती म्हणाली, "ते पहिलं नाव परत बोल."

बाईंनी माइक तोंडाजवळ ओढला आणि ते परत, सावकाश, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं म्हटलं.